खिळ्यावरचा बॅज

"घरी शेगडीवर भाजलं, असं लिही. तुमच्याकडं कबाब रोजचेच, काय?"

कारकुनाला एवढं सांगून कंपनीचा अधिकारी अब्बांकडं बघून हसला. कारकूनही हसला. अब्बांचा उजवा हात पट्टीत होता, जबाबावर सही जमत नव्हती. अधिकाऱ्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला. "मग डावा अंगठा लाव." बापाच्या वयाच्या माणसाला 'लाव'. अब्बांनी लावला. मी शेजारीच उभी होते. एमए झालेली, मुकुंदवाडीच्या शाळेत मराठी शिकवणारी. गप्प.

अब्बा कारखान्यांत पाइपांच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो काढायचे. अंगावर किती किरण पडले ते मोजायला प्रत्येकाला बॅज मिळतो, तो छातीवर लावायचा असतो. पण आकडा वाढला की माणसाला घरी बसवतात. म्हणून सगळेच साइटवर जाताना बॅज ऑफिसातल्या खिळ्याला अडकवून जायचे. सुपरवायझरला माहीत होतं. खिळे त्यानंच ठोकले होते.

एका दुपारी यंत्रातली किरण सोडणारी गोळी परत आत न जाता नळीतच अडकली. किरण दाखवणारा मीटर बंद होता, कळलं नाही. अब्बांनी नळीचं टोक हातात धरून फिल्म बदलली. तेव्हा काहीच दुखलं नाही. पंधरवड्यानं बोटं लाल झाली, मग फोड आले. बॅज मात्र कोरा.

कंपनीचा डॉक्टर म्हणाला, "बोटं काढून टाकू. विषय संपेल." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हात बराच वेळ पाहिला. "हे किरणांचंच. आतली इजा कुठवर गेलीय ते कळायला महिने लागतात. जखम चिघळू दिली नाही तर कदाचित कापावं लागणार नाही." त्यांनी ते केसपेपरवर लिहूनही दिलं.

पाच महिने मी रोज पट्टी बदलली. आधी दुखण्याची गोळी. मग सलाइननं धुणं. मग न चिकटणारी जाळीची पट्टी. अब्बा दात आवळून म्हणायचे, "हल्लू बेटा, बच्चों की कापियां नै ये." हळूहळू कातडी आली, पातळ, चकचकीत. नखं आली नाहीत. एका सकाळी त्यांनी त्याच हातानं चहाचा कप उचलला. मी बघावं म्हणून पुन्हा एकदा उचलला.

यंदा अब्बा गेले. हृदयविकारानं. कफनात पाचही बोटं होती.

चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाआधीच अधिकाऱ्यानं बोलावलं. तोच मजकूर, नवा कागद. "हिशेब मिटवायला वारस म्हणून तुमची सही हवी. शेगडीचंच ठेवू. आता तर हातही राहिला नाही."

मी पेनला टोपण लावलं. "सही करणार नाही."

"मॅडम, बॅज कोरा आहे."

"बॅज खिळ्यावर होता. हात साइटवर होता. आणि माझ्या वडिलांना 'लाव' म्हणाला होतात तुम्ही."

या वेळी कारकून हसला नाही.

बाहेर पडताना भिंतीकडं पाहिलं. सहा बॅज लोंबत होते. म्हणजे सहा माणसं कामावर.

घरी येऊन केसपेपर समोर ठेवला आणि किरणांच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रार लिहिली. पहिली ओळ त्या खिळ्यांची. दुसरी, मी गप्प राहिले त्या दिवसाची. खाली पूर्ण नाव, पूर्ण सही. ते खिळे भिंतीतून निघेपर्यंत मी त्या कार्यालयाच्या दारात जात राहणार.