लाल चिठ्ठी

काकूंच्या हाती कप आला की त्या आधी त्यावर नखानं टिचकी मारायच्या आणि कान द्यायच्या. केंब्रिजमधल्या आमच्या डिपार्टमेंटच्या टी-रूममध्येसुद्धा. "माठ वाजवून घ्यायचा असतो, अगं. बद्द वाजला तर समजायचं, तडा आहे." कप काही त्यांना विकत घ्यायचा नसायचा.

क्रॉयडनच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. रिटायर झाल्यावर लोक क्रूझला जातात, तुम्ही पाहिलं असेलच. यांनी आर्किऑलॉजीचा संध्याकाळचा कोर्स केला आणि वाळवंटातल्या एका जुन्या ओअ‍ॅसिसवर आम्ही उत्खनन करतो, तिथं व्हॉलंटियर म्हणून अर्ज भरला. वय एकोणसत्तर.

"मम, तुझी गुडघा किती दुखते," त्यांचा मुलगा म्हणाला. तो इथलाच जन्मलेला.

"गुडघ्याला विचारलंय. तो येतोय."

मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "लहानपणापासून हेच करायचं होतं. वडील म्हणाले, आधी डॉक्टर हो. झाले. आता दोन सीझन मिळाले तरी पुष्कळ." पुढच्या वर्षी कुणाला न्यायचं, ते आमची प्रमुख ठरवते. कडक इंग्लिश बाई.

साइटवर काकू खापरंही वाजवायच्या. कच्चं भाजलेलं कुठलं, पक्कं कुठलं, हे अचूक सांगायच्या. तिथले कामगार आधी हसले. आठवड्याभरात तेच खापरं घेऊन त्यांच्यापुढे येऊ लागले.

मग ते मडकं निघालं. अख्खं, बुडाला जाड काजळी. खापरं आम्ही धुतो, पण काजळीचं भांडं कधीच धुवायचं नसतं. चूल केव्हा पेटली होती, हे त्या काजळीवरूनच कळतं. अशा भांड्याच्या पिशवीत 'धुवू नये' अशी लाल चिठ्ठी घालतात. मी घाईत पिशवी रिकामी केली, चिठ्ठी वाचलीच नाही, आणि मडकं काकूंच्या पुढ्यातल्या धुवायच्या ढिगात ठेवून गेले.

मराठी बाईपुढे काळंकुट्ट बूड ठेवल्यावर दुसरं काय होणार? ब्रशनं निघेना म्हणून त्यांनी ते वाळूनं घासलं. मी परत आले तेव्हा मडकं उन्हात पालथं घातलेलं होतं.

"बघ, कसं निघालंय," त्या खुशीत म्हणाल्या.

रिकाम्या पिशवीतली चिठ्ठी तेव्हा कुठे मला दिसली. मी ती त्यांना दाखवली. त्या खालीच बसल्या.

"कुणाला कळणार नाही, काकू. काजळी नव्हतीच असं म्हणू," मी म्हणाले.

"ऑपरेशनमध्ये माझ्या हातून काही चुकलं तर मी लिहून ठेवायचे. लपवलं तर पुढचा डॉक्टर फसतो."

"पण पुढचा सीझन?"

"तो गेला."

रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं, हे भांडं मी धुतलं, चूक माझी. माझं नाव कुठंच नव्हतं. चिठ्ठी मुठीत धरून मी शेजारी उभी होते, आणि गप्प राहिले. प्रमुखांनी वाचलं. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षीच्या यादीत काकू नव्हत्या. मी होते.

तो सीझन संपवून परत आल्यावर मी खजूर घेऊन क्रॉयडनला गेले. काकूंनी चहा केला, माझा मग वाजवून माझ्यापुढे ठेवला. "काय काय निघालं, सगळं सांग," म्हणाल्या, आणि तासभर ऐकत राहिल्या. रुसवा नाही, टोमणा नाही. त्यानं जास्त लाज वाटली. प्रमुखांना खरं सांगेन, असं मी ट्रेनमध्ये ठरवलं. ते राहून गेलं. त्या हिवाळ्यात काकू गेल्या.

गेल्या आठवड्यात मी ते रजिस्टर कपाटातून काढलं. त्यांच्या ओळीखाली लिहिलं, भांडं त्यांच्यापुढे मी ठेवलं होतं, चिठ्ठी मी वाचली नव्हती. सही केली आणि रजिस्टर प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "बघू," म्हणाल्या.

हल्ली चहा पिण्याआधी मीही कपावर टिचकी मारते. आवाजातलं मला काही कळत नाही. पुढच्या सीझनची यादी अजून लागलेली नाही.