एकशे अकराव्या पानावरची दुरुस्ती

शहापूरच्या आमच्या वाचनालयात किशोरांचं एक लोखंडी कपाट आहे. चार फळ्या, दोनशे बारा पुस्तकं. त्यातली एकशे नव्वद मी वाचली आहेत. वय चोपन्न झालं तरी मला त्या कादंबऱ्या सोडवत नाहीत. मोठ्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं बहुतेक ठरून गेलेली असतात. तेरा-चौदा वर्षांचं माणूस अजून ठरलेलं नसतं, म्हणून त्याचं पुढं काय होणार हे मला खरोखरच बघावंसं वाटतं.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. माप बरोबर असेल तर भाग पुढं जातो, नसेल तर बाजूला काढायचा. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मला घेतलं तेव्हा पुस्तकांची वार्षिक पडताळणी आपसूकच माझ्याकडं आली. जागा अपुरी पडत होती म्हणून मी एक नियम सुचवला: पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक बाद. नियम मंजूर झाला आणि पुढच्याच वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडताळणीच्या आदल्या आठवड्यात कार्यकारिणीची मंडळी आपापली लाडकी पुस्तकं स्वतःच्या नावावर नेत होती आणि न वाचता परत आणून ठेवत होती. मी तारखा आणि सह्या जुळवून दाखवल्या आणि नियमाला पोटनियम जोडला: कार्यकारिणीच्या सदस्यानं नेलेलं मोजायचं नाही. कुणी विरोध केला नाही, पण त्या दिवशी बैठकीतला चहा फार मुकाट्यानं प्यायला गेला.

यंदा दिवाळीआधीच्या पडताळणीसाठी मी बाद होणाऱ्या पुस्तकांची यादी केली. एकेचाळीस नावं झाली. एकेचाळिसावं माझं होतं.

माझं म्हणजे मी लिहिलेलं नव्हे. चौदाव्या वर्षी निपाणीहून इथं मामाकडं शिकायला आलो तेव्हा या वाचनालयातून नेलेलं ते पहिलं पुस्तक. प्रतही तीच, फक्त दोनदा बांधलेली. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एका गावातल्या मुलीची ती गोष्ट आहे. बाप पाय मोडून अंथरुणावर पडलेला आहे. त्यानं सांगून ठेवलंय की घाटाच्या पाच पायऱ्या कोरड्या उरल्या की गाडी भरायची. पाणी रोज एक पायरी चढतं. मुलगी रोज सकाळी कोरड्या पायऱ्या मोजते आणि घरी येऊन बापाला आकडा सांगते. एवढीच गोष्ट, एकशे चोवीस पानांची. परक्या गावात, परक्या घरात बसून ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की नीट मोजता येणं हाही माणसाचा गुण आहे, आणि एखादं घर त्याच्या भरवशावर राहू शकतं. मी पुढं जे काम धरलं त्याची सुरुवात तिथं झाली असं मी मानतो.

त्यानंतर मी ते अकरा वेळा नेलं. पण मी कार्यकारिणीवर आल्याला सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत माझ्याशिवाय कुणीही नेलेलं नव्हतं.

बायको म्हणाली, "माझ्या नावावर न्या की. मी काय कार्यकारिणीत नाही."

"तू वाचणार आहेस का?"

"तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की आता वाचायचं काय राहिलंय त्यात?"

"मग ते नेणं नव्हे."

"घ्या मग यादीत घालून," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. बाद झालेलं पुस्तक घरी आणून ठेवता आलं असतं, तशी मुभा आहे. पण माझ्या कपाटात ते फक्त मीच वाचलं असतं. वाचनालयातून ते गेलं म्हणजे या गावातल्या पुढच्या कुठल्याही चौदा वर्षांच्या वाचकाच्या हाती ते लागण्याची शक्यता शून्य. ते आता छापलं जात नाही. माझ्याकडं पाच रविवार होते.

आमच्याकडं एक पद्धत आहे. आवडलेलं पुस्तक परत करताना वाचक त्यात चिठ्ठी ठेवतो, पुढच्याला शिफारस म्हणून. माझ्या चिठ्ठ्या मी मन लावून लिहितो. पानं किती, प्रकरणं किती, अंदाजे किती तासांत वाचून होईल, अवघड शब्द किती, कंटाळा येण्याची पानं कुठून कुठपर्यंत. वाचकाला फसवायचं नाही, हा माझा आग्रह. या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, 'पान ९ ते २३ संथ. धीर धरावा. नंतर नाही.' ती चिठ्ठी सात वर्षं तशीच, घडीही न मोडलेली.

पहिल्या रविवारी मी ते पुस्तक एका मुलीला दाखवलं. हिंडलग्याहून आईबरोबर स्कूटरवर येणारी, इंग्रजी माध्यमात नववीत. पोरगी मराठी विसरेल म्हणून आई तिला आणते. ती येते आणि बाकावर बसून स्वतःच्या दप्तरातली इंग्रजी जाडजूड कादंबरी वाचते. वाचणारी होती, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं. तिनं चिठ्ठी वाचली.

"काका, ही शिफारस आहे की रिपोर्ट कार्ड?"

"खरं तेच लिहिलंय."

"पंधरा पानं संथ आहेत हेपण खरं?"

"हो."

"मग मी हेच वाचते," म्हणत तिनं आपली इंग्रजी कादंबरी उघडली.

त्याच कपाटापुढं दर रविवारी एक आक्का बसतात. बाहत्तर वर्षांच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. पलीकडच्याच गल्लीत त्यांनी चाळीस वर्षं मागावर साड्या विणल्या. अक्षर मोठं असतं म्हणून त्या किशोरांची पुस्तकं वाचू लागल्या आणि मग इतर कपाटांकडं वळल्याच नाहीत. त्यांनी शिफारस केलेलं पुस्तक कपाटात राहत नाही हे मला आकड्यांवरून माहीत होतं. कसं, ते माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम जवळ बसलो.

सातवीतल्या एका मुलीला त्यांनी एक पुस्तक दिलं. त्यातली नायिका गल्लीतल्या निरक्षर बायकांची पत्रं लिहून देते आणि एकदा एका पत्रातलं एक वाक्य स्वतःच्या मनानं बदलते. फार सुंदर कादंबरी आहे. आक्का त्या मुलीला गोष्ट काहीच सांगेनात. त्या म्हणाल्या, "मी वाचलंय गं हे, पर त्या पोरीनं पत्रात नेमकं काय बदललं तेच मला आठवंना झालंय बघ. जिवाला चैन न्हाय. वाचून सांगशील?"

मुलगी पुस्तक घेऊन गेली. पाठोपाठ दोन भाऊ आले. त्यांना आक्कांनी मुलींच्या कबड्डी संघावरची कादंबरी काढून दिली. "शेवटच्या डावात कोण बाद झाली रं? मला वाटतंय कप्तान. का दुसरीच कोण? बघून सांगा." दोघं भाऊ पुस्तकासाठी भांडत बाहेर पडले.

मी म्हटलं, "आक्का, त्या पत्राचं उत्तर गेल्या महिन्यातच एक मुलगा तुम्हाला सांगून गेला. मी ऐकलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "व्हय. वयाचं असतंय न्हवं."

"पत्रात काय बदललं?"

त्यांनी ते वाक्य मला शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. वर म्हणाल्या, "लेकरं घरात सगळ्यांचं ऐकून घेत्यात, अण्णा. त्यास्नी कोण कवा काय इचारतंय? आपल्याला कायतरी ठावं न्हाय आन् ते पोर सांगणार, एवढं कळलं की ते वाचतंय."

हे खोटं बोलणं आहे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मग नोंदवही घेऊन, मुलांना विचारून मोजलं. त्या वर्षात त्या कपाटातून गेलेल्या पुस्तकांतली निम्म्याहून जास्त त्यांच्या विसरण्यामुळं गेली होती. आणि परत आलेलं प्रत्येक मूल त्यांना उत्तर सांगायला थांबलं होतं, आणि आक्का प्रत्येकाचं उत्तर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत होत्या. इतका आदर मी माझ्या कुठल्या चिठ्ठीतून वाचकाला दिला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना माझी अडचण सांगितली. मला विसरल्याचं सोंग जमणार नाही, हेही सांगितलं.

"सोंग नका घेऊ. तुमाला त्या पुस्तकातलं काय कळलं न्हाय ते इचारा."

"सगळं कळलंय, आक्का."

"सगळं?"

"एक छपाईची चूक आहे तेवढी."

"मग तीच इचारा की."

चूक अशी होती. एकशे अकराव्या पानावर मुलगी घाटावर जाते आणि मोजते: पाच पायऱ्या. पुढच्या पानावर ती बापाला सांगते: आठ. बाप म्हणतो, अजून तीन दिवस आहेत. तीन दिवसांनी ती पाच सांगते आणि गाडी निघते. म्हणजे पहिलं पाच चुकीचं. तिथं आठच हवं, मग सगळं जुळतं. हे मी चौदाव्या वर्षी शोधलं होतं आणि पेन्सिलीनं 'पाच' खोडून वर 'आठ' लिहिलं होतं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मी आयुष्यात तेवढा एकदाच मोडला. खरं सांगायचं तर मला त्या दुरुस्तीचा अभिमान होता.

हिंडलग्याची मुलगी आली तेव्हा मी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि पुस्तक तिच्यापुढं ठेवलं.

"एक काम करशील? यात एकशे अकराव्या पानावर छपाईची चूक आहे असं मला वाटतं. मी एकटाच तसं म्हणतोय. दुसऱ्या कुणी तपासलेलं नाही."

"तेवढं एकच पान बघू?"

"एका पानावरून कळणार नाही. पायऱ्या पहिल्यापासून मोजाव्या लागतील."

तिनं पुस्तक हातात घेतलं, पानं फडफडवली. "काका, तुम्ही मला गणित देताय."

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि आईला हाक मारून कार्ड मागवून घेतलं.

शिक्का पडला. नियमानं पुस्तक तिथंच बचावलं होतं. पण मला ते पुरेना. तिनं वाचलं की नाही हे कळेपर्यंत माझ्या हातून यादीतलं ते नाव खोडलं जाईना. चौथ्या रविवारी ती आली नाही. आक्का म्हणाल्या, "असं दाराकडं काय बघत बसलाय? पोरगी बघायला येणार हाय काय तुमाला?"

पाचव्या रविवारी ती आली. पुस्तकात कागदाचे चिटोरे घातले होते, मी मोजले, सहा.

"काका, चूक छपाईची नाही," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "कुणीतरी शहाण्यानं पेन्सिलीनं बिघडवून ठेवलंय. पाचच बरोबर आहे."

"मग आठ?"

"ती खोटं बोलते."

मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

"सगळ्या पुस्तकभर ती रोज खरा आकडा सांगते. बाप उठून बघू शकत नाही, तिच्यावरच विश्वास. पाच झाल्या, आता घर सोडायचं. आणि ती आठ सांगते. त्याला घरात अजून तीन दिवस मिळावेत म्हणून." तिनं शेवटचा चिटोरा घातलेलं पान उघडलं. "आणि हे बघा. निघायच्या दिवशी तिची आई शेवटची घागर भरते. कुठं बसून? वरून दुसऱ्या पायरीवर. पाच कोरड्या असत्या तर तिला पाचव्या पायरीपर्यंत उतरावं लागलं असतं ना? दोनच उरल्या होत्या. म्हणजे आईलापण माहीत होतं. आणि ती काही बोलली नाही."

पाचातून तीन गेले, दोन. ते पान मी बारा वेळा वाचलं होतं. घागर लक्षात होती, आईचं ओलं लुगडं लक्षात होतं. पायरी मोजली नव्हती, कारण माझ्या लेखी हिशेब आधीच जुळलेला होता. ज्या मुलीचं नीट मोजणं मी चाळीस वर्षं मनाशी धरलं, तिनं आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा मुद्दाम चुकवून सांगितला होता आणि मी तिचं ते खोटंच पेन्सिलीनं खोडून टाकलं होतं. लाज वाटली. पण त्याहून जास्त, ज्यानं ती दुसरी पायरी इतकी गुपचूप लिहून ठेवली त्या लेखकाबद्दल, आणि जिनं ती आठवड्या-दोन आठवड्यांत शोधली त्या पोरीबद्दल, माझं मन भरून आलं.

"तो शहाणा मी," मी म्हटलं.

तिनं जीभ चावली. आक्का मोठ्यानं हसल्या. "मला अक्षरावरनं वाटलंच हुतं. आठ काढल्यावर खाली रेघ कोण मारतंय, तुमच्याबिगर?"

"तुम्ही वाचलंय हे, आक्का?"

"लई मागं. मला आठवंना झालंय."

मी टेबलावरचं खोडरबर घेतलं. मुलीनं पुस्तक ओढून घेतलं. "राहू दे की काका. ते होतं म्हणूनच मी मागं जाऊन मोजल्या."

"नियमात बसत नाही," मी म्हणालो आणि पुसलं. चाळीस वर्षांची पेन्सिल, पूर्ण गेली नाही. उजेडाकडं धरलं की आठ दिसतो, आणि त्याखालची रेघही.

खिशातली जुनी चिठ्ठी मी फाडली. नवी लिहायला बसलो तर काही सुचेना. मुलगी म्हणाली, "माझ्या वर्गातल्या एकीला देऊ का? तिच्या आईचं कार्ड आहे इथं. तिला मी सांगितलंय की शेवटची घागर कुठून भरली ते मला आठवत नाही."

आक्का खाली मान घालून चष्मा पुसत होत्या.

पुढच्या शनिवारी पडताळणी झाली. चाळीस पुस्तकं नियमाप्रमाणं बाद झाली, त्यातली दोन मला आवडणारी होती. एकेचाळिसावं मी कपाटात हात घालून शोधलं नाही. ते बाहेर गेलेलं होतं.