उताराला बंद केलेली चावी

ऐंशी सालच्या सुमारास शहराबाहेर, वाडी गावाच्या पुढे, माळावरच्या एका जुन्या धावपट्टीवर रेसची लाल गाडी भाड्याने मिळायची. आपण चालवायची, शेजारी शिकवणारा बसणार, फेऱ्या तीन. मी महिनाभर आधी नाव नोंदवलं. केसांना घट्ट रुमाल, डोळ्यांना गॉगल, पायात सपाट चपला, सगळी तयारी करून गेले. शहरातल्या सायकलरिक्षांच्या गर्दीत माझी गाडी कधी चौथ्या गिअरमध्ये गेलीच नव्हती. एकदा तरी गाडी पूर्ण वेगात पळवायची होती.

धावपट्टी एका टोकाला उतरती होती. पहिल्या फेरीत तो उतार आला. मी चौथा गिअर टाकला आणि शिकवणाऱ्याने शांतपणे चावी बंद केली.

"हे काय?"

"उतार लागला न, बाई. पेट्रोल काहून जाळता?"

"पेट्रोलचे पैसे मी भरलेत!"

"कोणाचंही असो, जळते त पेट्रोलच न."

तो पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होता; उतार लागला की इंजिन बंद, ही तिथली सवय. दुसऱ्या फेरीतही उतारावर त्याचा हात आपोआप चावीकडे गेला. या वेळी गाडी घरंगळत थांबली ती पुन्हा सुरू होईना.

"बॅटरी बसली. स्टेअरिंग मी धरतो, तुम्ही मागून धक्का मारा, बाई."

मी धक्का मारला. इंजिन धडधडलं.

"चार्जिंग करून आणतो!" असं ओरडून तो निघाला आणि माझी तिसरी फेरी त्यानेच मारली, पूर्ण वेगात. उतारावरही इंजिन चालूच होतं. परतला तेव्हा त्याचे केस ताठ उभे होते. माझ्या रुमालाची गाठ मात्र जागची हलली नव्हती.