उधन्याच्या ओट्यावरचा तराजू

सुरतेजवळच्या उधन्याच्या आमच्या चाळीत किश्श्यांना तोटा नव्हता. मिलच्या पाळ्यांप्रमाणे माणसं येणार-जाणार, प्रत्येकाचं सरकारबद्दल मत, दुकानदाराबद्दल तक्रार, आणि स्वतःबद्दल मात्र काही म्हणणं नाही! मी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून. ऐकायला भरपूर वेळ. त्यातले बरेचसे किस्से एका तराजूभोवती जमले.

तराजू भाऊलाल अप्पांचा. अप्पा पारोळ्याकडचे. उभा जन्म मिलच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेला आणि रिटायर होईस्तोवर कानही गेले. बाजारातून आणलेली वस्तू कुणीही ओट्यावर आणावी आणि अप्पांकडून फुकट तोलून घ्यावी, अशी सोय त्यांनी केली होती. ऐकू न येणाऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यामुळे कुणाची साखर किती कमी भरली, हे अख्ख्या चाळीला कळायचं! ‘अप्पांनी तोललंय’ म्हटलं की भांडण मिटायचं. एवढीच त्यांची आयुष्याची कमाई, आणि तिला ते जिवापाड जपायचे.

*

हा तराजू आमच्या धोंडू फिटरनं बनवला. वजनंही त्यानंच भंगारातून केली आणि घासून घासून पोस्टातल्या काट्याशी जुळवली. किलो तेव्हा नवीन होता. निम्मी चाळ अजून शेरातच बोलायची.

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या शेठची डाळ कमी भरली. शेठ म्हणाला, “काटो तमारो खोटो छे!” आम्ही चिडलो आणि सरळ वजन-मापाच्या इन्स्पेक्टरला अर्ज केला.

इन्स्पेक्टर आला. शेठची वजनं उलटी करून बुडाचा शिक्का पाहिला. बरोबर होता. मग आमच्या ओट्यावर येऊन आमचं वजन उलटं केलं आणि विचारलं, “छाप क्यां छे?”

छाप कुठली असणार! त्यानं आमचीच वजनं जप्त करून नेली. डाळ तोलायची राहूनच गेली.

“ग्राहकाचं रक्षण करायला निघालो आपण,” धोंडू म्हणाला, “आणि सरकारनं रक्षण केलं शेठचं!”

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी शहरात जाऊन शिक्क्याची वजनं घेऊन आले आणि म्हणाले, “इन्स्पेक्टर बराबर व्हता. बिनशिक्क्याच्या मापानं दुसऱ्याला खोटं ठरवणारा मी कोण?” मला त्या दिवशी हसल्याची लाज वाटली.

*

मग आलं दूध. कानजीभाई दुधात पाणी घालतो, हे सगळ्यांना माहीत होतं, कानजीभाईलाही. धोंडूनं कुठूनतरी दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर पैदा केला. सगळ्यांसमोर त्याची नळी दुधात सोडली, ती भसकन खाली गेली!

कानजीभाई शांतपणे म्हणाला, “उद्यापासून चोख्खं आणतो. पण त्याच भावात माप लहान मिळेल.”

आठ दिवस चोख दूध आलं. नवव्या दिवशी बायका ओट्यावर जमल्या. दूध झकास आहे, पण चहाला पुरत नाही! शेवटी कौसाबाईंनी तोडगा सांगितला. कौसाबाई म्हणजे आमच्या चाळीची तोफ. नवरा रेल्वेत गँगमन, माहेर अकोल्याकडचं. त्या म्हणाल्या, “त्यात काय एवढं? आम्ही घरी पाणी घालतो.”

कानजीभाईनं कपाळावर हात मारला. “बेन, एटले माझं पाणी खराब अने तुमचं चांगलं?”

“हो,” कौसाबाई म्हणाल्या, “आमचं आम्ही गाळून घालतो!”

*

याच कौसाबाईंनी रेशनच्या गव्हातले खडे महिनाभर निवडून डब्यात साठवले, अप्पांकडून तोलून घेतले आणि डबा रेशन दुकानदारापुढे आपटला. “कार्डावर गहू लिहिलाय. खडे लिहिले नाहीत. बदलून द्या!”

दुकानदारानं डब्यात डोकावून पाहिलं आणि हात जोडले. “बेन, ए तो सरकारी छे. मारा नथी!”

*

ओट्यावर एकदा दारूबंदीवर मोठा वाद झाला. गुजरातेत बंदी, आणि आमच्यातले काही जण सुट्टीला ताप्ती लाइनची गाडी धरून हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या नवापूरला जाऊन येत. एका मास्तरांचं म्हणणं, सरकारनं कायदे करून माणूस सुधारत नाही, ज्याची त्याची जबाबदारी ज्यानं त्यानं घ्यावी. बऱ्याच माना डोलल्या.

तेवढ्यात धोंडू उठला. धोंडू म्हणजे नवापूरचा जुना वारकरी नव्हे, जुना प्रवासी म्हणू! आम्हाला वाटलं, आता हा बंदी उठवा म्हणणार.

“बंदी पाहिजेच!” धोंडू म्हणाला. “नवापूरला जायला सुट्टी लागते, तिकीट लागतं आणि बायकोला सांगायला थाप लागते. तिन्ही एकदम जमायला महिना जातो. इथं कोपऱ्यावर मिळायला लागली तर माझं वाटोळंच होईल!”

अप्पांना कुणीतरी कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मंग तुझी जबाबदारी कोणावर रे?”

धोंडू म्हणाला, “रेल्वेवर!”

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून जड जातं.

अप्पांच्या मुलानं, सुरेशनं, चाळीच्या तोंडाशी धान्याचं दुकान काढलं. दुकानावर मोठी पाटी लावली, ‘भाऊलाल अप्पा अनाज भंडार’. अप्पा नको म्हणत होते. सुरेश म्हणाला, “तुमचं नाव पाहूनच लोक येतील.” आणि आलेच. शिवाय त्या दुकानाचा माल कुणी ओट्यावर आणेनासं झालं. अप्पांच्या नावाचा माल अप्पांकडून काय तोलून घ्यायचा!

ओट्याची रीत ठरलेली होती. आधी तोलायचं, मग दुकान विचारायचं. म्हणजे कुणाची भीड नको. कमी भरलं की दुकानाचं नाव फळ्यावर. तो फळा आठ दिवस पुसायचा नाही.

एका रविवारी सकाळी कौसाबाई तुरडाळ घेऊन आल्या. मला आधी भेटल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, दोन महिने डाळ लवकर संपते. मनातली शंका जावी म्हणून तोलून घेते. देवा-धर्माची शपथ नाही घेत मी, पण काटा सरळ राहो.”

“जय भीम, अप्पा,” म्हणून त्यांनी पिशवी पारड्यात ठेवली. काटा सरळ राहिला नाही.

“किलोला पन्नास ग्रॅम कमी!” अप्पांचा आवाज नेहमीसारखाच टोकापर्यंत गेला. “कोणतं दुकान?”

कौसाबाई पदर सारखा करू लागल्या.

“कोणतं दुकान, बाई?”

“आठवत नाही,” कौसाबाई म्हणाल्या. खड्यांचा डबा आपटणारी बाई खाली बघत होती.

धोंडू विडी विझवत बसला. मीही पायरीकडे बघू लागलो. अप्पांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. लूमखात्यात माणूस ओठ वाचायला शिकतो. त्या दिवशी कुणाचेच ओठ हलत नव्हते, तेवढ्यावरून त्यांना समजलं.

त्यांनी पारडी बदलून पुन्हा तोललं. तेवढंच भरलं.

तोवर कुणीतरी सांगितलं असावं, सुरेश दुकान सोडून धावत आला. आधी हळू बोलला, अप्पांना ऐकू जाईना. मग नाइलाजानं सगळ्यांसमोर कानाशी ओरडावं लागलं, “अप्पा, चूक झाली! मी भरून देतो, वर शंभर ग्रॅम देतो! फळ्यावर नका लिहू. पाटीवर तुमचंच नाव आहे!”

“जाऊ द्या ना, अप्पा,” कौसाबाईंना रडू आवरेना. “माझंच काही चुकलं असेल.”

सुरेशकडे न बघता अप्पा म्हणाले, “बाजू व्हय, भो. खडू दे माले.”

खडू सुरेशच्याच हाताशी होता. त्यानं तो दिला.

अप्पांनी फळ्यावर सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘भाऊलाल अप्पा. पन्नास ग्रॅम कमी.’ मग धोतराला हात पुसले, तराजू उचलला आणि ओरडले, “हं, पुढचं कोण?”