भांड्यावर नाव घालावं तसं

मिलिंदा गेल्याचा एसएमएस आला तेव्हा मी कॅफेत चॅटिंग करत बसलोतो. काविळीनं गेला, एवढंच लिवलंतं. दीड महिना झाला त्याला. त्या दिवशी दिवसभर ओळखीच्या पोरांचे मेल येत होते, काय डोकं होतं राव त्याचं... वाचून माझंच डोकं फिरलं. ह्याच पोरांनी त्याला 'सीडीचोर' म्हणून चिडवलंतं, आणि मी हसलोतो.

मिलिंदा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याच्या पोराकडनं त्यानं जुनं गेमचं मशीन घेतलंतं. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरलाच ते मशीन बनवणारा प्रोग्रॅम, तो फुकट आणि कायदेशीर. पण बटन दाबल्यावर मशीनला जागं करणारी एक फाईल असती, बायोस. ती लागतीच, आणि ती कंपनीची. मिलिंदानं महिनाभर डोकं लावून आपल्या मशीनमधनं ती उतरवून घेतली. माझ्याकडं मशीन न्हाय, तरी मी मागितली. म्हणाला, "विन्या, मशीन घेऊन ये, तुझी तुला काढून देतो. माझी घेतलीस तर चोरी हाय ती."

एका फाईलीसाठी एवढा भाव? तो चहा आणायला गेला आणि मी सगळा फोल्डरच सीडीवर मारला. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलभर वाटला. कुणी काय मागायच्या आत द्यायची खोड मला आधीपासनं. तिथनं ती सीडी एका कॅफेवाल्याकडं गेली, तो विकायला लागला, आणि तक्रार झाली.

त्या फोल्डरात मिलिंदानं एक चिठ्ठी टाईप करून ठेवलीती. स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात तसं नाव, पत्ता, आणि खाली 'माझ्या मशीनमधून काढली आहे, कुणाला देऊ नये'. नाव घातलेलं भांडं फिरून घरी येतं. इथं पोलीस आले. गल्ली बघत असताना कॉम्प्युटर उचलून नेला. कुणाला दिलीस, म्हणून विचारलं तर हा म्हणाला, कुणालाच न्हाय. ते खरंच होतं की... त्यानं कुठं दिलीती?

केस पुढं गेली न्हाय, पण क्लासवाल्यानं काढून टाकलं. मग मिलिंदा गडहिंग्लजला मोटार वायंडिंगच्या दुकानात लागला. एकदा स्टँडवर भेटला. म्हणाला, "हसत होतास न्हवं तूबी?" मी एसटी लागली म्हणून पळालो. तेवढंच शेवटचं.

त्याच्या मागं घरी वंदना ठेवलीती, त्या पुण्यानुमोदनाला गेलतो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल अजून तसंच हाय, रिकामं. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्यावर भरतकामाचा रुमाल घातलाय. कुणी चहाचा कप टेकवला तर लगेच उचलतात. मला म्हणाल्या, "लेकरू सोन्यासारखं होतं रं. ती एक चोरी तेवढी झाली त्याच्या हातनं."

मी मान हलवली. 'व्हय' म्हणालो, देवाशपथ 'व्हय' म्हणालो, आणि खीर खाऊन घरी आलो.

मावशी, चोरी त्यानं केली न्हाय. मी केली. तुम्हाला वाचता येत न्हाय, म्हणून गल्लीतल्या त्याच लोकांकडनं हे वाचून घ्या. मोठ्यानं वाचायला सांगा.