बाइयाच्या तळाची फरशी

प्रोकोलो इल्लियानोने अर्धं आयुष्य पाण्याखाली गुडघे टेकून काढलं. देवापुढे नव्हे, फरशीपुढे. बाइया गावाच्या उथळ समुद्रात बुडालेल्या रोमन हवेलीतली ती फरशी, संगमरवरी खड्यांची, मधोमध बदकामागे धावणाऱ्या पोराचं चित्र. दगड पोखरणारे स्पंज नावाचे समुद्रजीव खरवडायचे, सुटलेले खडे पाण्यातही धरणाऱ्या चुन्यात बसवायचे, मग वर जाड कापड अंथरून वाळूच्या गोण्या ठेवायच्या. वाळूखाली पोखरणारं काही जगत नाही. जपायची तर झाकायची, एवढंच त्याचं शास्त्र.

बायको मातिल्दे त्याला टोमणा मारल्याशिवाय सोडायची नाही. "मेलेल्यांची फरशी सांधतोस, आणि आपली स्वयंपाकघराची भिंत तोंड वासून बसलीय, ती दिसत नाही होय रे तुला?"

"सांधतो गं. घाई काय आहे?"

"घाई मेलेल्यांना नसते. मला आहे!"

भिंतीच्या भेगा आणि फरशीचं मरण, दोहोंचं मूळ एकच. इथली जमीन ज्वालामुखीची, कधी खचते, कधी फुगते. हल्ली ती फुगत होती. बंदरात नावा चिखलात बसायला लागल्या होत्या. कॉफी पिता पिता लोक म्हणायचे, "प्रोकोलो, मजा आहे लेका! आता चपला घालून फरशी पुसायला जाशील." त्याला हसू येत नसे. पाणी उथळ झालं की लाटेचा मार तळापर्यंत पोचतो. दर वादळानंतर गोण्या फुटलेल्या आणि वाळू पसार. आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठं कुठं लावणार?

ऑक्टोबरात एका सकाळी नावेवर ओर्नेल्लाबाईंनी त्याला जवळ बसवलं. बुडालेल्या अवशेषांचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चाले.

"प्रोकोलो, ही फरशी आता वाचत नाही. उद्या नैऋत्येचा वारा सुटतोय. आज सगळी उघडी करा, फोटो घ्या. निदान संगणकात तरी खडा न् खडा राहील."

"आणि नंतर झाकायची कशानं?"

"गोण्या उरल्यात कुठं?"

"म्हणजे मीच तिला उघडी टाकू?"

बाईंचे डोळे भरून आले. "दुसऱ्या कुणी टाकलेली चालली असती तुम्हाला?"

नसती चालली. तो उतरला. त्यानेच अंथरलेलं कापड त्याने गुंडाळलं, उरलीसुरली वाळू हाताने उडवली, आणि एका फोटोची कड दुसऱ्यात येईल अशा बेताने ओळीमागून ओळ टिपत गेला. पोराच्या गालाला नकळत बोट लागलं, तर गाल आत गेला. वरून शाबूत दिसणारा दगड आतून पार चाळण झालेला. त्याला पाणबुड्याच्या मुखवट्यात रडू आलं, आणि मुखवट्यात डोळे पुसता येत नाहीत.

काम संपलं होतं. तरी त्याने कापड पुन्हा अंथरलं. दाबायला काही नव्हतं, म्हणून स्वतःच पालथा पडला, तापलेल्या लेकराला ऊब द्यावी तसा. लाट आली, एक कोपरा उचलला गेला. तो धरला, तर दुसरा सुटला. वर नावेत ओर्नेल्लाबाई त्याच्या टाकीतल्या हवेचा हिशेब करत होत्या. वर या म्हणून त्यांनी त्याच्या कमरेच्या दोरीला हिसका दिला. तो हलला नाही. त्यांनी पुन्हा दिला. त्याने कापडावरचा एक हात सोडला, आणि थोड्या वेळाने दुसराही, आणि दोरीबरोबर वर निघाला.