सोलापूरच्या उन्हातली रिकामी कुंडी

शकू, सोलापूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई रडली नाही, रडत होतीस ती तू. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खिडकीतून माझ्या हातात देत ती म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे काय गं, डोळे मिटून उघडावेत." यांची डॉक्टरेट झाली की परत यायचं, असंच ठरलं होतं. पुढे मुंबईहून बोट आणि मग जर्मनीतलं डार्मश्टाट.

युद्धात पडलेली घरं तेव्हा तिथे अजून तशीच उघडी होती. आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ केलर, यांच्या परसात भिंतीलगत एक कोपरा होता. ऊन म्हणून तिथे यायचं नाही. मी दिवसभर खिडकीत तोंड पाडून बसते हे बघून बाईंनी एक ठिसूळ मुळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "लाव तिकडे." बर्फ गेल्यावर लालसर कोंब आले. मग वाकलेल्या दांडीवर ओळीनं गुलाबी हृदयं लटकली, अगदी तोरणासारखी, आणि प्रत्येकाखाली एक पांढरा थेंब. ट्रेनेंडेस हेर्त्स, म्हणजे आसवं ढाळणारं हृदय. नाव एवढं रडकं, आणि मी मात्र त्या देशात पहिल्यांदा मनापासून हसले ती तिथेच.

उन्हाळ्यात सगळं पिवळं पडून मातीत गेलं. मी माती उकरून बघायला बसले. बाई म्हणाल्या, "मेलं नाही, झोपलंय. हात लावू नकोस."

दोन वर्षं सरली. यांना नोकरी लागली, मग बाळ झालं. यंदाचा वसंत झाला की येतो, असं मी दरवर्षी कळवायचे. आणि वसंत आला की माझा पाय त्या ओल्या कोपऱ्यातून निघायचा नाही. तू आईचे गुडघे चेपत होतीस आणि मी गोगलगायी वेचत होते. शी! लिहितानाही कसंतरी होतं.

सोलापूरला निघालेल्या एका विद्यार्थ्याबरोबर मी आईला एक मुळी पाठवली. आपण नाही तर निदान आपल्या हातचं काहीतरी. सोबत निरोप दिला, मेल्यासारखी दिसली तरी टाकू नकोस. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आख, बर्फ पडल्याशिवाय ते उठत नाही!" तोवर मुळी बोटीवर चढली होती. आईला कळवायचा धीर मला झाला नाही.

शेवटी यांच्या रजेत सोलापूरला आले. आंघोळ झाल्यावर आईनं तुळशीला पाणी घातलं, आणि तांब्यातलं उरलेलं शेजारच्या रिकाम्या कुंडीत. रोज घालते, कुणाला हात लावू देत नाही, असं तूच माझ्या कानात सांगितलंस.

"माझ्या हातून कधी रोप गेलं नाही गं," आई म्हणाली. "हे तेवढं रुसलंय. माझंच काही चुकलं असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं काही चुकलं नाही, आई. त्याला बर्फ लागतो. इथे ते जगणारच नव्हतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. "आणि तुला? तुला मानवलं का तिथलं?"

"हो," म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून ती मेथी पेरायला कुंडीतली माती उकरू लागली.

परत आल्यावर डार्मश्टाटच्या बानहोफवर, म्हणजे स्टेशनावर, उतरले, गार वारा तोंडावर आला आणि मला हायसं वाटलं, घरी आल्यावर वाटतं ना, तसं. सोलापूरला उतरताना ते वाटलं नव्हतं, शकू. आईला हे कधी सांगू नकोस.